गाठ निम्मी झाली, की औषध बंद!

कर्करोगावर औषध सुरू आहे, रक्ततपासणीतला आकडा झपाट्याने खाली येतो आहे, गाठ आक्रसते आहे. अशा वेळी डॉक्टरांनी ‘आता गोळ्या बंद करा’ असे सांगितले, तर घरचे लोक काय करतील? बहुधा दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता शोधतील. पण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टँपा शहरातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये गेल्या दशकात काही रुग्णांच्या बाबतीत नेमके हेच केले गेले. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शरीरभर पसरलेले आणि सुरुवातीच्या हार्मोन उपचारांना दाद न देणारे हे रुग्ण. त्यांना ॲबिराटेरॉन हे औषध सुरू केले. रक्तातील पीएसए या प्रथिनाची पातळी मूळ आकड्याच्या निम्म्याखाली आली, की औषध बंद. पातळी चढत पुन्हा मूळ आकड्याला टेकली, की औषध सुरू. मग परत बंद, परत सुरू.

यात नवे औषध कोणतेच नव्हते. नवी होती ती गोळी कधी द्यायची आणि कधी नाही, हे ठरवण्याची पद्धत. आणि ती काही गणिती समीकरणांतून आली होती. औषधाने एवढ्या पेशी मरतात, तरी कर्करोग परत का येतो, आणि परत येतो तेव्हा तेच औषध निकामी का ठरते, या जुन्या प्रश्नाशी ही समीकरणे भिडतात.

या प्रश्नाच्या उत्तराची पहिली कडी कर्करोगात नव्हे, जिवाणूंत सापडली. १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांना एक कोडे सोडवायचे होते. जिवाणूंवर विषाणू सोडले की बहुतेक जिवाणू मरतात, थोडे तगतात. हे तगणारे विषाणूशी गाठ पडल्यावर कणखर होतात, की ते आधीपासूनच तसे असतात? लुरियांना युक्ती सुचली ती इंडियाना विद्यापीठातील प्राध्यापकांच्या एका नृत्य समारंभात, नाणी टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्राकडे बघताना. ते यंत्र बहुतेक वेळा काहीच देत नाही आणि एखाद्या वेळी भसकन नाण्यांचा ढीग ओतते. लुरियांनी वेगवेगळ्या नळ्यांत जिवाणू वाढवले आणि मग सगळ्यांवर विषाणू सोडले. कणखरपणा विषाणूमुळे येत असता, तर प्रत्येक नळीत तगणाऱ्यांची संख्या साधारण सारखी आली असती. तसे झाले नाही. बऱ्याच नळ्यांत जवळपास शून्य आणि काहींत शेकड्यांनी. ज्या नळीत योगायोगाने लवकर बदल घडला, तिथे त्या एका जिवाणूची पिलावळ विषाणू येण्याआधीच वाढून बसली होती. डेलब्रुक यांनी त्याचे गणित मांडले. औषधाला न जुमानणारे जीव औषध येण्याआधीच हजर असतात, हे त्यातून कळले.

कर्करोगाच्या गाठीलाही हाच न्याय लागू होतो, हे नीट मांडायला आणखी तेहतीस वर्षे गेली. १९५४ मध्ये ब्रिटनच्या पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी मृत्यूचे आकडे तपासून दाखवले होते, की अनेक कर्करोगांचा धोका वयाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. वय दुप्पट, तर धोका चौसष्टपट. एका फटक्यात नव्हे, सहा-सात पायऱ्या चढत पेशी बिघडते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल यांनी ‘सायन्स’मधल्या लेखात त्याला डार्विनची चौकट दिली. गाठ म्हणजे एकाच पेशीच्या हुबेहूब नकलांचा गोळा नव्हे. तिच्यात भाऊबंदकी माजलेली असते. दर विभाजनात चुका होतात, त्यातून वेगवेगळी घराणी निर्माण होतात आणि ज्याला परिस्थिती मानवते ते घराणे वाढते.

यातली आकडेमोड कागदावर करून बघण्यासारखी आहे. एक पेशी तीस वेळा दुप्पट झाली, की १०७ कोटी पेशी होतात. ढोबळमानाने एक घन सेंटिमीटरची, म्हणजे बोराच्या बीएवढी गाठ. पेशी विभागताना जनुकसंचाची नक्कल होते; त्यात दर शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक राहते असे धरू. म्हणजे एवढीशी गाठ तयार होईपर्यंत जनुकसंचातले कुठलेही ठरावीक अक्षर निदान एका पेशीत चुकलेले असण्याची शक्यताच अधिक. त्यातल्या एखाद्या चुकीने औषध निरुपयोगी होत असेल, तर ती पेशी निदानाच्या दिवशीच गाठीत बसलेली असते. कर्करोगाच्या पेशींत चुकांचा वेग पुष्कळदा याहूनही जास्त असतो.

हे केवळ कागदावर राहिलेले नाही. २०१२ मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या चोवीस रुग्णांचा अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पॅनिट्युमुमॅब हे त्यांचे औषध केआरएएस नावाच्या जनुकात बिघाड असेल तर चालत नाही. या चोवीसांच्या गाठींत सुरुवातीला तो बिघाड आढळला नव्हता. तरीही औषध सुरू झाल्यावर नऊ जणांच्या रक्तात बिघडलेल्या केआरएएसचे तुकडे दिसू लागले. तेही बहुतेकांत पाचव्या-सहाव्या महिन्याच्या आसपास. वेगवेगळ्या माणसांत, पण वेळ तीच. संशोधकांनी पेशींच्या वाढीचे गणित उलटे चालवून पाहिले, तर उत्तर आले की औषधाच्या पहिल्या दिवशी या बिघडलेल्या पेशींचे छोटे घराणे गाठीत होतेच. औषधाने त्यांना जन्म दिला नाही. त्यांच्या शेजाऱ्यांना मारून जागा मोकळी करून दिली.

मॉफिटमधल्या प्रयोगाची बीजे या ‘मोकळ्या जागे’त आहेत. तिथले रॉबर्ट गेटनबी हे मूळचे रेडिओलॉजिस्ट, पण गणिताच्या नादाला लागलेले. २००९ मध्ये ‘नेचर’मधल्या एका लेखात त्यांनी कर्करोगतज्ज्ञांना चक्क कोबीवरची कीड दाखवली. आपल्याकडच्या भाजीपाला उत्पादकांनाही पुरेपूर ठाऊक असलेला चौकोनी ठिपक्यांचा पतंग. १९५० च्या दशकात जावा बेटावर या किडीने डीडीटीला दाद देणे थांबवले. त्यानंतर शेतकरी जे जे फवारत गेला ते ते ती पचवत गेली. सगळी कीड मारायची म्हणून जोराची फवारणी केली, की नाजूक कीड मरते, चिवट तेवढी उरते आणि पुढच्या पिढीत रान तिचेच. म्हणून कीटकशास्त्रज्ञ नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारू नका, असे सांगू लागले. गेटनबींचे म्हणणे, कर्करोगाचे डॉक्टर अजून जुन्याच फवारणीत अडकले आहेत.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला हे वेगळे समजावायला नको. बीटी कपाशीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी मिळायची, ती कडेने पेरायची असायची, आणि बऱ्याच जणांनी ती पेरली नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यात जो धुमाकूळ घातला त्यामागे अनेक कारणे होती. त्यातले हे एक. पण तुलना इथे जरा जपून करायला हवी. कपाशीच्या कडेला वाढलेले साधे पतंग चिवट पतंगांशी मीलन करतात आणि चिवटपणा पातळ करतात. कर्करोगाच्या पेशींत मीलन नसते. तिथे चालते ती निव्वळ जागेची, रक्तपुरवठ्याची, पोषणाची स्पर्धा.

या स्पर्धेत चिवट पेशीला चिवटपणाची किंमत मोजावी लागते, हा गेटनबींच्या मांडणीतला दुसरा मुद्दा. काही पेशी आत आलेले औषध बाहेर उपसून टाकतात. त्यासाठी त्यांच्या आवरणात पंप असतात आणि ते पंप ऊर्जा खातात. औषधाचा मारा चालू असेल तर हा खर्च परवडतो. औषध नसेल तर हा पंप म्हणजे उन्हाळ्यात अंगावर घेतलेले घोंगडे. अशा काळात साध्या पेशी भराभर वाढतात आणि चिवटांना दाबून ठेवतात. मग त्या साध्या पेशींना आपणच का संपवावे? त्यांना राखून, त्यांच्याकरवी चिवटांना काबूत ठेवता येणार नाही का?

कल्पना आकर्षक असली तरी ‘किती राखायच्या’ आणि ‘कधी थांबायचे’ याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. तिथे समीकरणे लागतात. वापरलेली समीकरणे मासळी बाजारातून आलेली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रिॲटिक समुद्रात मासेमारी मंदावली, तेव्हा तिथल्या बाजारांत शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. हे का, असे इटलीतल्या एका जीवशास्त्रज्ञाने वितो वोल्तेरा या गणितज्ञाला विचारले. त्यांनी १९२६ मध्ये शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्येचे गणित मांडले. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. याच घराण्यातली समीकरणे एकाच अन्नावर जगणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांनाही लावता येतात. प्रत्येकाचा वाढीचा वेग काय, आणि कोण कोणाला किती दाबतो, एवढे आकडे घातले की पुढचा खेळ संगणकावर पाहता येतो.

प्रोस्टेटच्या गाठीत मॉफिटच्या चमूने तीन प्रतिस्पर्धी धरले. पहिल्या पेशींना बाहेरून टेस्टोस्टेरॉन लागते. दुसऱ्या ते स्वतःच तयार करतात, आणि त्यांच्या उसनवारीवर पहिल्या जगू शकतात. तिसऱ्यांना त्याची गरजच नसते. ॲबिराटेरॉन टेस्टोस्टेरॉनचे उत्पादन बंद पाडते. म्हणजे पहिल्या दोघींवर ते चालते, तिसरीवर नाही. प्रारूपात औषध अखंड चालू ठेवले, की पहिल्या दोघी नाहीशा होतात आणि तिसरी सगळे घर बळकावते. औषध निम्म्यावर थांबवले, तर पहिल्या दोघी पुन्हा वाढतात आणि तिसरीला कोपऱ्यात रेटतात. प्रत्येक फेरीत तिसरी थोडी पुढे सरकतेच. ती हरत नाही, तिचा विजय लांबतो. हा उपचार रोग बरा करण्याचा दावा करत नाही, हे इथेच स्पष्ट व्हावे.

किती लांबतो? २०१७ मध्ये पहिल्या अकरा रुग्णांचा अहवाल आला, तेव्हा त्यांपैकी एकाचाच आजार पुढे सरकला होता आणि नेहमीच्या मात्रेच्या निम्म्याहून कमी, ४७ टक्के, औषध लागले होते. २०२२ मध्ये सविस्तर आकडे आले. थांबून-थांबून औषध घेणारे १७ रुग्ण आणि त्याच काळात सलग औषध घेणारे १६. आजार पुढे सरकायला सलग गटात मध्यक काळ १४.३ महिने होता, दुसऱ्या गटात ३३.५ महिने. एकूण आयुष्य ३१.३ महिने विरुद्ध ५८.५ महिने. प्रत्येकाची लयही निराळी. कुणाची एक फेरी काही महिन्यांत पुरी व्हायची, कुणाला वर्ष लागायचे. एकच वेळापत्रक सगळ्यांना लावले असते, तर ते बहुतेकांना चुकीचे बसले असते.

आकडे मोठे आहेत, पण रुग्ण अवघे तेहतीस. शिवाय कोणी कुठल्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. तुलनेसाठीचा गट नंतर जुळवून घेतलेला होता, आणि अशा जुळवाजुळवीत नकळत ठणठणीत रुग्ण एका बाजूला जाऊ शकतात. या मुद्द्यावर संख्याशास्त्राच्या जाणकारांनी टीका केली आणि ती रास्त आहे. तेहतीस जणांच्या आकड्यांवर कोणी घरच्या घरी गोळ्या थांबवण्याचे धाडस करू नये. हे प्रयोग वारंवार तपासणी आणि डॉक्टरांची नजर यांच्या चौकटीतच झाले आहेत.

टीकेला आणखी धार येते ती दोन जुन्या अनुभवांमुळे. प्रोस्टेटच्या कर्करोगात हार्मोन उपचार थांबून-थांबून देण्याची कल्पना जुनीच आहे. पंधराशेहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सलग उपचारात मध्यक आयुष्य ५.८ वर्षे, थांबून-थांबून दिले तर ५.१ वर्षे. संख्याशास्त्राच्या कसोटीवर निकाल अनिर्णित राहिला, पण थांबण्याचा फायदा काही दिसला नाही. दुसरा अनुभव मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा. उंदरांवर सुट्या देऊन दिलेले औषध जास्त काळ चालले, म्हणून माणसांत तसेच करून पाहिले: तीन आठवडे औषध बंद, पाच आठवडे सुरू. २०२० मध्ये निकाल आला तो उलटा. सलग औषधावर आजार नऊ महिने थोपून राहिला, सुट्यांवर साडेपाच महिने.

मग गणित खोटे ठरले का? गणित करणाऱ्यांचे उत्तर असे, की ‘थांबणे’ हे एकच औषध नाही. प्रोस्टेटच्या त्या चाचणीत पहिले सात महिने औषध सलग दिले गेले आणि ज्यांचा पीएसए अगदी खाली गेला, त्यांनाच पुढे गटांत विभागले. तोवर राखायच्या त्या साध्या पेशी जवळपास संपलेल्याच होत्या. राखणदार मारून टाकायचा आणि मग दार उघडे ठेवायचे, असा तो प्रकार. मेलानोमातही आधी काही आठवडे सलग औषध, आणि सुट्या कॅलेंडर बघून. गाठ बघून नाही. हे उत्तर तर्काला पटते. पण निकाल हाती आल्यावर दिलेले स्पष्टीकरण आणि आधी वर्तवून खरे ठरलेले भाकीत यांत फरक असतो, तो इथे विसरता येत नाही.

प्रारूपांचा खरा उपयोग बहुधा वेगळाच आहे: कुठे थांबू नये हे सांगण्याचा. क्षयरोगात तीन-चार औषधे एकत्र आणि पूर्ण काळ घ्यावी लागतात, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यामागेही लुरिया-डेलब्रुक यांचेच गणित आहे. एका औषधाला न जुमानणारा जिवाणू कोटीत एक असेल, तर एकाच वेळी दोघांना न जुमानणारा कोटी गुणिले कोटीत एक. हाच विचार १९६० च्या दशकात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरला गेला, चार औषधे एकदम दिली गेली, आणि एके काळी मृत्यूची खात्री असलेला तो आजार आज बहुसंख्य मुलांत बरा होतो. अंडकोषाचा कर्करोग पसरल्यावरही पुष्कळदा पूर्ण बरा होतो. तिथे निम्म्यावर थांबणे म्हणजे हातचा डाव घालवणे. जो कर्करोग संपवता येतो तो संपवायचा. जो येत नाही, तिथे साध्या पेशी राखायच्या की नाहीत, हा प्रश्न.

आणि तिथेही उत्तर कायम ‘राखा’ असे नसते. पेनसिल्व्हेनियातील अँड्रयू रीड मुळात मलेरियाच्या परोपजीवींवर काम करणारे. २०१७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. साध्या पेशी राखल्या की त्या चिवटांना दाबतात, हे खरे. पण त्या विभागतही राहतात, आणि प्रत्येक विभाजनात नवी चिवट पेशी जन्माला येण्याची जोखीम असते. एकच राखणदार चोराला अडवतो आणि चोराची पैदासही करतो. चिवट पेशी आधीच हजर आणि गाठीत दाटी असेल, तर राखणे फायद्याचे. चिवट पेशी अजून जन्मलीच नसेल, किंवा साध्या पेशी तिला फारसे दाबत नसतील, तर लवकर आणि जोरात मारणेच बरे. कुठल्या रुग्णात पारडे कुठे झुकते, हे त्या रुग्णाच्या गाठीतील आकड्यांवर ठरते.

अडचण तीच आहे. प्रोस्टेटमध्ये पीएसए नावाची स्वस्त फूटपट्टी आहे, म्हणून हा प्रयोग तिथून सुरू झाला. तीही पुरती भरवशाची नाही, कारण तिसऱ्या प्रकारच्या पेशी पीएसए फारसे सोडत नसतील, तर आकडा शांत दिसतो आणि आत घर बळकावले जात असते. इतर बहुतेक कर्करोगांत एवढीही सोय नाही. रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे मोजून घराणी ओळखण्याचे तंत्र वाढते आहे, त्यावर गणितज्ञांची मोठी भिस्त आहे.

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्याही आता हाती घेतल्या गेल्या आहेत. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियात प्रोस्टेटच्या कर्करोगात, सलग औषधाविरुद्ध पीएसएच्या इशाऱ्यावर चालणारे औषध. ब्रिटनमध्ये अंडाशयाच्या कर्करोगात, कार्बोप्लॅटिन या जुन्या केमोथेरपीची मात्रा सीए-१२५ या रक्तातील निदर्शकानुसार कमी-जास्त करत. या चाचण्यांत आजार किती काळ थोपून राहतो हे मोजले जाईल. त्याबरोबर रुग्णाला किती औषध लागले आणि औषधाशिवायचे किती आठवडे मिळाले, हेही.